अंगठ्या काढा

विजयश्रीनं बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा पुढं धरला आणि रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या दिव्याकडं नुसतं बघितलं. दिव्यानं मुकाट्यानं अंगठी काढून डब्यात टाकली. मग तिच्या शेजारची, मग तिच्या पुढची. अंगठ्या, डूल, एकीचे पैंजण. एरवी या वेळेला केवढा कालवा असायचा! "मॅडम, माझी सोन्याची आहे हं, बदलली तर आई घरात घेणार नाही." "सोन्याची? अगं, पावसात हिरवी होते ती!" आज कुणी तोंड उघडलं नाही. डबा रांगेच्या दुसऱ्या टोकाला पोचला. तिथं वर्षाली उभी राहायची. गोलकीपर. तिच्या हातात कधीच काही नसायचं, तरी ती दोन्ही पंजे डब्यावर उपडे धरून दाखवायची, आणि सगळ्या हसायच्या. आज त्या जागी नुसती माती होती.

"गोलात कोण उभं राहतंय?" विजयश्रीनं विचारलं.

सगळ्या आपापल्या बुटांकडं बघायला लागल्या.

गुरुवार होता. चाकणच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून या कॉलेजच्या मुलींचा मोठा सरावही गुरुवारी. संघातल्या निम्म्या मुली दुपारची शिफ्ट करून शिकत होत्या. सामना रविवारी लागला की बचाव फळीतल्या दोघी कुठल्यातरी कंपनीत पॅकिंगच्या टेबलावर. विजयश्रीनं स्पर्धा घेणाऱ्यांशी भांडून भांडून सामने गुरुवारी लावून घेतले होते. लोक म्हणत, ही बाई फुटबॉल शिकवते का शिफ्ट लावते? दोन्ही करत होती बिचारी, सांगणार कुणाला!

अंगठ्यांचा नियमही तिचाच. ती मूळची कोल्हापूरची, तरुणपणी स्वतः गोलकीपर. एका सामन्यात वरून जाणारा चेंडू ढकलायला तिनं उडी मारली आणि जाळी अडकवायच्या हुकात तिची अंगठी अडकली. ती खाली आली, बोट वर राहिलं. अंगठी साखरपुड्याची होती. पुढं ते स्थळही गेलं. दर वर्षी नव्या मुलींना डाव्या हाताचं ते अर्धं बोट दाखवून ती सगळी गोष्ट सांगायची आणि शेवटी म्हणायची, "बोटाचं तेवढं वाईट वाटलं बघा." मुली आधी हसायच्या, मग घाईघाईनं अंगठ्या काढायच्या.

"मी राहते," अखेर दिव्या म्हणाली. तिनं वर्षालीचे ग्लोव्हज उचलले, पण घातले नाहीत. काखेत धरून तशीच गोलाकडं गेली.

तेवढ्यात शिपाई आला. अध्यक्षांनी बोलावलं होतं.

उद्धवराव म्हणजे कॉलेजचे अध्यक्ष. आज जिथं मैदान आहे तिथं त्यांचे वडील ज्वारी काढायचे. जमिनीत कंपन्या आल्या, कंपन्यांमागून माणसं आली, आणि माणसांना राहायला उद्धवरावांनी खोल्यांच्या रांगाच्या रांगा बांधल्या. पुतण्या दिग्विजय त्याच माणसांना कंत्राटावर कंपन्यांत लावायचा. म्हणजे माणूस झोपायचा काकांच्या खोलीत, राबायचा पुतण्याच्या हजेरीवर, आणि पोरं शिकायची काकांच्या कॉलेजात. पण उद्धवराव कुणावर आवाज चढवत नसत. त्यांना गरजच पडत नसे.

"बसा मॅडम. च्या सांगितलाय. पोरगी कशी हाय?"

"उजव्या हाताची दोन बोटं गेली. मधलं आणि करंगळीशेजारचं."

"लई वाईट झालं बगा." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. हीच तर पंचाईत होती. "दवाखान्याचं समदं आमी करतोय. तिच्या आयेला सांगितलंय, काळजी करू नगं."

चहा आला. त्यांनी बशीत ओतला.

"उद्या सरकारी साहेब येत्यात चौकशीला. कुणीतरी कळवलंय. आता कंपनीत झालं म्हनलं, की दिग्विजयचं कंत्राट जातंय. कंत्राट गेलं की एवढ्या बायापोरी घरी बसत्यात. तुमच्या टीमच्या पोरी बी त्यातच हायत न्हवं?"

"आहेत."

"मंग! मैदानावर लागलं म्हना. त्या गोलाच्या हुकात. तुमच्या बोटाचं उभ्या कॉलेजाला ठावं हाय. कोन खोटं म्हनल?"

विजयश्रीनं डावा हात ट्रॅकसूटच्या खिशात घातला.

"अध्यक्षसाहेब, ती माझ्या शब्दावर तिथं लागली होती. सकाळी सरावाला यायला मिळावं म्हणून दुपारची शिफ्ट द्या, पॅकिंगला लावा, असं मी स्वतः दिग्विजयना सांगितलं होतं. तिला प्रेस मशीनवर कुणी उभं केलं?"

"दसऱ्याला गडी गावाला गेलं, ते परत आलं न्हाईत. माल तर द्यायलाच लागतोय." त्यांनी बशी खाली ठेवली. "आन तुमचं परमनंटचं, ते ह्याच मीटिंगला घेतोय मी. किती वर्सं झाली, तासावर शिकवायचं आन दर जूनला आपल्याच जागंसाठी मुलाखत द्यायची. आमालाबी बरं वाटत न्हाई."

विजयश्री काय म्हणाली? "बघते" म्हणाली. सारा जन्म मुलींना ओरडून सांगत आली, चेंडू अंगावर आला की बघत बसू नका, झेप घ्या! आणि स्वतः म्हणाली, "बघते."

दवाखाना हायवेला लागून होता. खाली टायरची दुकानं, वर दवाखाना. सहा आसनी रिक्षा कंटेनरच्या रांगेत अडकली तशी विजयश्री उतरली आणि धूर खात चालत गेली. चालता चालता तिचा निश्चय होत गेला. कंपनीत लागलं असं सरकारदरबारी नोंदलं गेलं, तर वर्षालीला जन्मभर काहीतरी हक्काचं मिळत राहील. मैदानावर लागलं म्हटलं, तर उद्धवरावांची दया आटेपर्यंत मिळेल तेवढं. इतकं साधं होतं ते. आणि तिची जागा? जाईल. पिंपरीच्या संत तुकाराम नगरात दोन खोल्यांत म्हातारे वडील होते. रोज संध्याकाळी ती दारात चप्पल काढते न काढते तोच विचारायचे, "काही कळलं का परमनंटचं?" आज त्यांना सांगायचं, नाही झाले. संपलं.

वर्षाली भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात बँडेजमध्ये एवढा मोठा झालेला की ग्लोव्ह घातल्यासारखा दिसत होता. तिची आई शालनबाई पायाशी बसून मोसंबी सोलत होती. ही माणसं लातूरकडची. बाप गावीच वारला, मग मायलेकी इकडं आल्या. शालनबाईही दिग्विजयच्याच हजेरीवर होती.

"कसं झालं गं?" विजयश्रीनं विचारलं. इतके दिवस तिनं हे विचारलंच नव्हतं. धीर झाला नव्हता.

"हारामुळं, मॅडम."

"कसला हार?"

"खंडेनवमीला मशीनची पूजा केलती की. झेंडूचा एवढा मोठा हार घातलता. शुक्रवारी मशीन चालू केली, तर हार सेन्सरपुढं यायला. हार हलला की मशीन बंद पडायली. हात मधी आला की थांबावी म्हणून असतो ना तो सेन्सर, त्याला काय कळतंय हार का हात!" ती किंचित हसली. "मी म्हणले, हार काढा. तर सुपरवायझर म्हणले, पूजेचा हार वाळायच्या आधी काढत नसतात, अपशकुन होतोय. मग त्यांनी सेन्सरच बंद करून टाकला."

शालनबाईच्या हातातली फोड तशीच राहिली.

"हार काढायला एक मिनिट लागलं नसतं," वर्षाली म्हणाली.

विजयश्रीच्या डोक्यात तिडीक गेली. मशीनला हळदकुंकू लावणारी, मशीनपुढं नारळ फोडणारी माणसं. देवाला दुखू नये म्हणून पोरीचा हात दिला त्यांनी! ती उठून उभी राहिली.

"मी उद्या साहेबांना खरं सांगणार आहे. माझी नोकरी गेली तर गेली."

"सांगा की," शालनबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तुमची नोकरी जाईल, तुमी कोल्हापूरला जाताल. तुम्हाला घर हाय. आमी कुठं जावं? खोली त्यांची. हजेरी त्यांची. गावाकडं बी काई राहिलं नाई. ही एका हातानं काय करंल, मॅडम?"

"म्हणून तर, शालनबाई! तिच्या हक्काचं आहे ते."

"हक्काचं यायला किती वरसं लागतेत?"

स्वतःच्या हक्काची वाट बघत विजयश्रीचे केस पांढरे झाले होते.

"गोलात कोण उभं राहिलं?" वर्षालीनं मधेच विचारलं.

"दिव्या."

"ती डावीकडं लवकर झेप घेती. थांब म्हणावं तिला. चेंडू पायातून सुटूस्तोवर थांबायचं. तुमीच शिकवलंव ना."

दुसऱ्या दिवशी सरकारी साहेब दिग्विजयच्या गाडीतून उतरले, तेव्हाच खरं तर सगळं समजायला हवं होतं. तरी माणूस काही वाईट नव्हता. पेन उघडून तो खुर्चीवर बसला, पोरीची नीट विचारपूस केली. दिग्विजय दाराला टेकून मोबाइल बघत उभा राहिला. पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला गंध.

"साहेब, मी सांगते," विजयश्री पुढं झाली. "मी हिची कोच."

"तुम्ही थांबा मॅडम. आधी तिला बोलू द्या. तसा नियम आहे." साहेब वर्षालीकडं वळले. "बोल बाळा, घाबरू नको. कुठं लागलं?"

वर्षालीनं विजयश्रीकडं बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडं बघत तिनं पाठ केलेलं म्हणावं तसं एका सुरात सांगितलं, तेही पुस्तकी भाषेत.

"मैदानावर. सराव चालला होता. चेंडू वरून जात होता, म्हणून मी उडी मारली. जाळीच्या हुकात अंगठी अडकली. मी खाली आले, बोटं वर राहिली." ती थांबली. "मॅडम रोज सांगायच्या, अंगठ्या काढा. मीच ऐकलं नाही. मॅडमची काही चूक नाही."

शब्द विजयश्रीचेच होते. दर जूनला उन्हात उभं राहून, हसत हसत सांगितलेले. पोरीनं ते जसेच्या तसे उचलून स्वतःच्या हाताला लावले होते, आणि वर हिला वाचवलंही होतं. कुणी सांगितलं होतं वाचवायला!

"अंगठी कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

याचा विचार कुणीच केला नव्हता. उद्धवरावांनीसुद्धा नाही. दिग्विजयनं मोबाइलवरून डोळे वर केले.

शालनबाईनं पदराखाली हात नेला. क्षणभर काहीतरी खटपट केली आणि मूठ पुढं केली. "ही," ती म्हणाली. साध्या पितळेची अंगठी, घासून पातळ झालेली. तिच्या बोटावर ती बसायची तिथं पांढरा पट्टा उमटला होता. तिनं तो हात लगेच पदरात घेतला.

साहेबांनी अंगठी दोन बोटांत धरून उजेडाकडं केली. तिला चरासुद्धा पडला नव्हता.

"एवढ्याशा अंगठीनं दोन बोटं गेली?"

"लोखंडी हूक असतो साहेब, मोठा," दारातून दिग्विजय म्हणाला.

साहेब विजयश्रीकडं वळले. "मॅडम, तुम्ही या खेळातल्या. असं होतं?"

सगळे तिच्याकडं बघायला लागले. तिच्याकडं म्हणजे तिच्या डाव्या हाताकडं. एक वाक्य बोलायचं होतं. या मुलीच्या हातात मी कधी अंगठी पाहिली नाही, एवढंच. ते वाक्य कालपासून तिच्या जिभेवर तयार होतं. त्यात खोटं काही नव्हतं, अवघड काही नव्हतं. तिनं शालनबाईकडं बघितलं. शालनबाई मान हलवत नव्हती, हात जोडत नव्हती, नुसती बघत होती. आणि खोटं कशाला बोला, त्या क्षणी विजयश्रीला आपण दारात चप्पल काढताना विचारणारे वडीलही आठवले.

"माझं एक गेलं होतं," ती म्हणाली.

"म्हणजे होतं असं," साहेब म्हणाले, आणि त्यांनी लिहून घेतलं.

त्यानंतरही वेळ होता. साहेबांनी पाणी मागितलं, सावकाश प्यायले, पेनाचं टोपण शोधलं. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. अंगठी शालनबाईला परत देताना म्हणाले, "जपून ठेवा, पुन्हा विचारणा झाली तर दाखवावी लागेल." जिन्यातून त्यांची पावलं खाली जाईपर्यंत विजयश्री तिथंच उभी होती. कुणीही तिचं तोंड धरलं नव्हतं.

उद्धवराव शब्दाचे पक्के. दवाखान्याचं सगळं त्यांनी भागवलं. शालनबाईला कंपनीतून काढून कॉलेजातच झाडलोटीला लावलं, खोलीही राहू दिली. दिवाळीच्या तोंडावर विजयश्रीच्या हातात ऑर्डर पडली. वडिलांनी ती देवापुढं ठेवली, शेजारीपाजारी पेढे वाटले आणि हसून म्हणाले, "आता जूनला निवांत घरी बस, बाई." तिनं एक पेढा तोंडात टाकला आणि मोरीत जाऊन थुंकून आली. वडिलांना वाटलं, दात दुखतोय.

दिवाळीनंतरच्या पहिल्या गुरुवारी वर्षाली मैदानावर आली. कॉलेज तिनं सोडलं नव्हतं, पण येणंही होत नव्हतं. डाव्या हातानं लिहायला जमत नव्हतं, आणि तो उजवा हात बघून कुठली कंपनी तिला आत घेईना. हात ओढणीत गुंडाळून ती गोलामागं जाऊन बसली. मुली तिच्याभोवती जमल्या, काय बोलावं ते न सुचून तिची ओढणी सारखी करत राहिल्या.

विजयश्रीनं शिट्टी वाजवली. रांग लागली. तिनं डबा पुढं धरला.

सुट्टीनंतर एक नवी मुलगी संघात आली होती, पहिल्या वर्षाची, तळवड्याकडची. डबा समोर आला तशी ती अंगठी फिरवत उभी राहिली.

"मॅडम, ही निघत नाही. आजीनं घातलीय. आजच्या दिवस राहू दे ना."

विजयश्री काही बोलायच्या आत वर्षाली उठून जवळ आली. तिनं ओढणीतून हात बाहेर काढला आणि त्या मुलीच्या डोळ्यांपुढं धरला. टाके काढले होते, कातडी अजून गुलाबी होती.

"बघ. मी पण असंच म्हणले होते, आजच्या दिवस राहू द्या." तिचा आवाज कुठं अडला नाही. "नळावर साबण आहे. साबण लाव, निघती."

ती मुलगी पांढरीफटक पडली आणि नळाकडं पळाली. बाकीच्या सगळ्या, ज्यांना खरं माहीत होतं त्या सगळ्या, सरळ रेषेत उभ्या होत्या. कुणाची नजर कुणाकडं नव्हती. वर्षालीनं डाव्या हातानं विजयश्रीच्या हातातला डबा घेतला आणि उरलेल्या मुलींपुढून फिरवून आणला.

सराव झाला. दिव्या आता डावीकडं लवकर झेप घेत नव्हती. चेंडू पायातून सुटेपर्यंत थांबत होती. त्या दिवशी तिनं दोन पेनल्टी अडवल्या, आणि गोलामागून एका हातानं मांडीवर थापा मारत वर्षाली ओरडली, "हाऽऽ! अश्शी!" तेवढा वेळ ती अगदी पूर्वीसारखी दिसली.

शेवटी मुलींनी आपापल्या वस्तू उचलल्या. कालवा झाला, थोडीशी थट्टाही झाली. नव्या मुलीनं आजीची अंगठी रुमालात बांधली. सगळ्या फाटकाकडं गेल्या तेव्हा विजयश्रीनं डब्यात बघितलं. तळाला एक अंगठी राहिली होती. पितळेची, पातळ झालेली.

"वर्षाली," तिनं हाक मारली. "ही."

वर्षाली परत आली. डब्यात न बघताच म्हणाली, "आईची आहे. मघाशी मीच टाकली."

"घेऊन जा बाई."

"नको मॅडम. खोलीत कुठं ठेवणार, हरवल. आईला बोटात घालायची भीती वाटती. तुमच्याकडंच राहू द्या. साहेब परत आले तर दाखवायला लागल ना."

सराव संपल्यावर पूर्वी ती ग्लोव्हज द्यायची, तुमच्याकडंच ठेवा म्हणायची. त्याच आवाजात तिनं हे सांगितलं. मग ओढणी सावरून ती फाटकाकडं चालायला लागली. तिथं शालनबाई खराटा धरून तिची वाट बघत उभी होती. तिनं लांबूनच विजयश्रीला नमस्कार केला. विजयश्रीनं झाकण दाबून बसवलं.

पुढच्या गुरुवारी तिनं डबा पुढं धरला तेव्हा तो रिकामा नव्हता. रांगेच्या टोकाला दिव्या होती. तिनं आत बघितलं, थोडा वेळ बघत राहिली. मग बोटातली अंगठी काढून, त्या दुसऱ्या अंगठीला लागणार नाही अशी, अगदी कडेनं आत सोडली.